तिसऱ्या प्रकरणातला राक्षस

मराठी साहित्यात संशोधनासाठी विषय उरलेले नाहीत, ही गोष्ट प्राध्यापक जयवंत नाईकधुरेला फार उशिरा कळली. संत सगळे संपले होते. पंतकवींकडे जायची त्याची हिंमत नव्हती. ग्रामीण कादंबरीवर एकट्या मुलुंडमध्येच तिघंजण काम करत होते आणि त्या तिघांपैकी एकानेही गावात रात्र काढलेली नव्हती. पीएच.डी. नाही म्हणून कॉलेजात त्याच्या मागून लागलेले दोघं पुढे निघून गेले होते, आणि स्टाफरूममधल्या पंख्याखालच्या खुर्चीवर आता त्यातलाच एक बसत होता. शेवटी त्याच्या मार्गदर्शक डॉ. रत्नप्रभा केंकरे यांनी त्याला बालनाट्य हा विषय दिला. दिला म्हणजे, आपण मागितलेला साबण संपला की वाणी दुसराच एखादा पुढे सरकवतो, तसा दिला.

जयवंतने मात्र तो मनावर घेतला. त्याने ग्रंथालयं पालथी घातली, मिळतील तेवढी बालनाटकं गोळा केली आणि रोज संध्याकाळी पलंगावर मांडी ठोकून ती वाचायला सुरुवात केली. त्याची नऊ वर्षांची मुलगी शुभा त्याच्या खांद्यावरून डोकावून वाचायची आणि खुदुखुदु हसायची.

"हसतेस काय? अभ्यास चाललाय इथे. जा, आत बस," तो तिला सांगायचा आणि पुन्हा बालनाट्यातल्या विनोदाचं स्वरूप शोधायला लागायचा.

वर्षभराच्या या तपश्चर्येतून त्याला एक सिद्धांत सापडला. बालनाटकं दोन जातींची असतात: मुलांनी पाहायची ती 'प्रेक्ष्य' आणि मुलांनी करायची ती 'प्रयोज्य'. हे दोन शब्द सुचले त्या दिवशी तो नाक्यावरून जिलब्या घेऊन घरी आला.

"म्हणजे बघायची आणि करायची," त्याची बायको सुगंधा म्हणाली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडायची आणि तोडायची तिला सवय होती.

"तितकं सोपं नाही ते."

"मग कसं आहे?"

"म्हणजे बघायची आणि करायचीच," जयवंत जिलबी तोडत म्हणाला, "पण त्यात तात्त्विक भेद आहे."

पहिली दोन प्रकरणं लिहून तो घाटकोपरला केंकरेबाईंच्या घरी गेला. बाईंनी ती चष्मा न लावता चाळली. हे लक्षण वाईट होतं.

"नाईकधुरे, तुम्ही शेवटचं बालनाट्य कधी पाहिलंत?"

"बाई, मी वाचतो."

"ते दिसतंय. मुलं नाटक बघताना काय करतात, कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, हे कोण सांगणार? अहो, छापखान्यातल्या खिळ्यांवर थिसिस लिहिताय की मुलांवर? एक छोटं नाटक करा. थोडी मुलं करतील, थोडी बघतील. तुम्ही कोपऱ्यात बसून पाहा. त्यावर तिसरं प्रकरण लिहा. प्रयोगाला मी येईन. नाहीतर हे सगळं असंच बासनात बांधून ठेवा."

बाई येणार म्हणाल्या, तिथेच खरं संकट सुरू झालं. पण जयवंत आनंदात परतला. एक छोटं नाटक, त्यात काय? तो मुलुंड पूर्वेला 'नवनिर्मिती सहकारी गृहनिर्माण संस्थे'त राहत होता. मुलांना तोटा नव्हता. तळमजल्यावर हॉल होता. नाटक तर त्याने दोन दिवसांत स्वतःच लिहून काढलं. एका राक्षसाला झोप येत नाही. तो रात्रभर येरझाऱ्या घालतो, त्याच्या पावलांनी धरणी हादरते, म्हणून राज्यात कुणालाच झोप नाही. मग मुलं त्याला झोपवायचे उपाय करतात. पात्रं सहा. बोध नाही. बोध नाही, याचा जयवंतला विशेष अभिमान होता.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश देवरुखकर पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कुठलीही गोष्ट सोडायची ती ठरावीक वेळ आणि कमी दाबाने, हे त्यांचं धोरण होतं.

"हॉल सांस्कृतिक कार्याला आहे, प्रोफेसर. तुमचं काय आहे?"

"संशोधन आहे."

"म्हणजे शैक्षणिक. शैक्षणिक म्हणजे क्लास. क्लास म्हणजे धंदा. धंद्याला हॉल देता येत नाही."

"पण नाटकच आहे हो ते."

"मग तसं बोला ना! नाटक असेल तर सरकारी सर्टिफिकेट लागतं. संहिता पास करून आणा. उद्या कोणी कंप्लेंट केली तर मी आत जायचा."

सोसायटीच्या हॉलमध्ये पंपाचे जुने भाग, एक पाय तुटलेलं टेबल-टेनिसचं टेबल आणि मागच्या गणपतीचं मखर यांखेरीज काहीही सांस्कृतिक नव्हतं. पण जयवंत नियमाचा माणूस. नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी कचेरीत तो रजा टाकून गेला. तिथल्या कारकुनाने नाटक शेवटपर्यंत वाचलं. जयवंतचं लेखन शेवटपर्यंत वाचणारा तो पहिलाच माणूस, त्यामुळे जयवंतला क्षणभर भरून आलं.

"यात कोणाच्या भावना दुखावतात का?" कारकुनाने विचारलं.

"राक्षसाच्या," जयवंत गमतीने म्हणाला.

कारकून हसला नाही. "कुठल्या समाजाचा आहे राक्षस? नावावरून कळत नाही."

"त्याला नावच नाही."

"तसं लिहून द्या. आणि राज्यात कोणालाच झोप नाही, ही शासनावर टीका आहे का?"

"अहो, गोष्टीतलं राज्य आहे ते."

"सगळे तसंच सांगतात."

चार खेपांनंतर नाटक पास झालं. अट एकच होती: राजा रात्री जागा असला तरी प्रजेच्या काळजीने जागा आहे, हे एका वाक्यात स्पष्ट करावं.

मग जयवंतने जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली: नाटकात काम करायला सहा मुलं हवीत, बाकीच्या मुलांनी प्रेक्षक म्हणून यावं. त्याच संध्याकाळी त्याच्या दोन खोल्यांत सोसायटीतली यच्चयावत मुलं आणि त्यांच्या आया हजर झाल्या. सुगंधा नुकतीच कामावरून आली होती. ती पर्स काखेत ठेवूनच दारात उभी राहिली, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"आमचा नंदकिशोर बघायला बसेल असं कसं वाटलं तुम्हाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या जानकीवहिनी पराडकर म्हणाल्या. "बघायला काय, टीव्ही आहे आमच्याकडे. कलर."

हीच सगळ्यांची भावना होती. आपलं मूल कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या मुलाकडे बघणार, ही कल्पनाच नवनिर्मिती सोसायटीला सहन होईना. बघणं हे ज्यांच्यात काही गुण नाहीत त्यांचं काम. गुण तर इथे मजल्यामजल्यावर सांडत होते. कोणी स्कॉलरशिपला बसलेलं, कोणी भरतनाट्यमला जाणारी, कोणाला गीतेचा अध्याय पाठ. जयवंतने पात्रं वाढवली. एका राजकन्येच्या अकरा राजकन्या झाल्या. दोन शिपायांची पलटण झाली. तरी मुलं उरली तेव्हा राजाला पाच प्रधान दिले.

"वाक्यं किती प्रत्येकाला?" जानकीवहिनींनी विचारलं.

"ते कथानकावर अवलंबून असतं."

"कथानक राहू द्या. सारखी वाटा. सोसायटी सहकारी आहे."

त्यामुळे प्रत्येक मुलाला एक उपाय सुचवायचं काम मिळालं. मुलाने पुढे यायचं, उपाय सांगायचा, राक्षसाने "तरी मला झोप येत नाही!" म्हणून ओरडायचं, मग पुढच्या मुलाने यायचं. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने ही रेशनची रांग होती. त्यात देवरुखकरांनी तालमीला येऊन विचारलं, "बोध काय यातून?"

"बोध नाही. मुद्दामच नाही."

"मग हॉल कशाला पाहिजे? बोध नसलेलं नाटक घरी करा." शेवटी राक्षस नळ उघडा टाकतो आणि टपटप आवाजाने त्याला झोप येत नाही, असा एक प्रवेश घालावा लागला. त्यात पाणी जपून वापरण्यावर सोसायटीचे पदाधिकारी स्वतः दोन शब्द बोलणार होते. पदाधिकारी म्हणजे कोण, हे सांगायला नकोच.

एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं, की राक्षसाचं काम कोणालाच नको आहे. "आमच्या मुलाला राक्षस? शाळेत चिडवतील जन्मभर," असं प्रत्येक घरातून ऐकू आलं. भाऊ सामंत नावाचे शेजारी औषधाच्या कंपनीत होते आणि प्रत्येक गोष्टीवर तोडगा काढत. ते म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हीच करा ना राक्षस. उंची आहे, आवाज आहे. वर्गात वापरताच की."

जयवंत दुखावला. तो संशोधक होता. कोपऱ्यात बसून निरीक्षण करायचं सोडून त्याने शेपूट लावायची? त्याने आशेने वडिलांकडे पाहिलं. काशीराम नाईकधुरे गिरणी बंद पडल्यापासून खिडकीत बसून विडी ओढत असत आणि मुलाच्या संशोधनाबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. आज प्रथमच त्यांचे डोळे चमकले.

"कर मा रे! नाटकात राजाक कोण बघता? राकस इलो काय झोपलेली माणसां जागी होतत."

झालं. घरातूनही पाठिंबा मिळाला म्हटल्यावर सुटका नव्हती.

जेवताना सुगंधाने सहज विचारलं, "सगळी मुलं स्टेजवर. मग बघणार कोण?"

जयवंतचा घास हातातच राहिला. संशोधनाला प्रेक्षकच उरले नव्हते.

"मी बघणारेय की," शुभा म्हणाली. सोसायटीत बघायची हौस असलेलं ते एकटंच मूल होतं. तिला काम नको होतं. ती पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती. जानकीवहिनींच्या मते ती 'जरा मागे' होती.

"स्वतःची मुलगी धरता येत नाही गं. शास्त्रीय आक्षेप येतो," जयवंत कळवळून म्हणाला. मात्र त्याने तिला एक काम दिलं. आपण स्टेजवर अडकलेले असणार, तेव्हा मुलं कुठल्या वाक्याला हसतात, कुठे गप्प होतात, ते सगळं तिने टिपून ठेवायचं. शुभाने गंभीरपणे मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

प्रेक्षक कुठून आणायचे? शाळा शोधली, तिथे परीक्षा होत्या. शेजारच्या सोसायटीत विचारलं, तर त्यांनी आमच्या मुलांनाही कामं द्या म्हणून निरोप पाठवला. शेवटी एका सकाळी फाटकाशी अंजनाबाईंची पाटी उतरलेली दिसली. अंजनाबाई खाडीकडच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन यायच्या. फाटकाच्या आत यायला त्यांना बंदी होती. शाकाहारी सभासदांना वास सहन होत नसे आणि मांसाहारी सभासदांना आपण मासे घेताना दिसणं सहन होत नसे.

"अंजनाबाई, तुमच्याकडे मुलं आहेत का? नाटक बघायला हवी होती."

"पोरा? वाड्यान पोराच पोरा हान. कवरी पायजेत?"

"वीसेक. पण शांत बसणारी."

अंजनाबाईंनी बोंबलांवरचा हात काढून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, पोरा बगाला आनतंय, शोभंला नाय. गप बस बोलाचा नाय त्यांना."

जयवंतने हो म्हटलं. तो हो म्हणाला हे कमिटीला कळलं, तेव्हा तातडीची सभा भरली. बाहेरची मुलं! हॉलमध्ये! पाय कुठे धुतील? पंखे बिघडवतील. मखर पळवतील. आणि वास? तासभर चर्चा झाली. बाई येणार आहेत, युनिव्हर्सिटीच्या आहेत, हा एकच हुकमाचा पत्ता जयवंतकडे होता. तो त्याने टाकला. शेवटी ठरलं, की मुलांनी मागच्या दाराने यावं, नळावर पाय धुवावेत आणि खुर्च्यांवर न बसता खाली सतरंजीवर बसावं. खुर्च्या पालकांसाठी. सतरंजी अर्थातच खुर्च्यांच्या पुढे, अगदी स्टेजला लागून घालावी लागणार होती. म्हणजे नको असलेल्या पाहुण्यांना आपण हॉलमधली सगळ्यात उत्तम जागा दिली, हे कमिटीच्या ध्यानात आलं तेव्हा ठराव लिहून झाला होता.

दिवस शनिवारचा ठरला. रविवारी सकाळी टीव्हीवर देव असत आणि संध्याकाळी सिनेमा असे. त्या काळात उपनगरात कलेसाठी शनिवारची दुपारच काय ती मोकळी होती.

राक्षसाचा पोशाख सुगंधाने माळ्यावरच्या जुन्या गोधडीचा केला. वर्षानुवर्षं ती डांबराच्या गोळ्यांत पडून होती. ती अंगावर चढताच जयवंतला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक, थांबेचनात. नाटक सुरू व्हायला थोडाच वेळ होता. रत्नप्रभाबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या आणि कोणीतरी दिलेलं सरबत पीत होत्या.

"ही गोळी घ्या," भाऊ सामंत आत येऊन म्हणाले. "कंपनीची आहे. जागच्या जागी शिंक बंद. एकच घ्या हं."

जयवंतने दोन घेतल्या. संशोधकाने धोका पत्करू नये.

पडदा म्हणजे पराडकरांच्या घरची चादर. ती बाजूला झाली. समोर सतरंजीवर कोळीवाड्यातली मुलं ओले पाय पोटाशी घेऊन बसली होती. नवे फ्रॉक, तेल चोपडलेली डोकी, डोळे टक्क उघडे. खरे प्रेक्षक! जयवंतला गोधडीच्या आत गहिवरून आलं. त्याने धाडधाड पावलं आपटत प्रवेश केला आणि गर्जना केली, "मला झोप येत नाही!"

सतरंजी एका आवाजात किंचाळली. एक लहान पोरगं रडत मागे पळालं आणि पालकांच्या खुर्च्यांखालून घुसून पुन्हा पुढे आलं. प्रतिसाद! शुद्ध, अस्सल प्रतिसाद! जयवंतने कोपऱ्यात बसलेल्या शुभाकडे पाहून भुवया उडवल्या. शुभा तोंडावर हात दाबून हसत होती. पेन्सिल कुठे दिसेना.

पहिली राजकन्या पुढे आली. "दूध प्या, म्हणजे झोप येईल," ती आईकडे बघत म्हणाली.

"तरी मला झोप येत नाही!"

दुसरी आली. तिसरी आली. एक शिपाई वाक्य विसरला, तेव्हा ते त्याच्या आईने, मावशीने आणि शेजारणीने खुर्चीवरून एकाच वेळी सांगितलं. चौथीच्या वेळी जयवंतला पापण्या जड वाटू लागल्या. आठवड्याभराच्या तालमी, कचेरीच्या खेपा, पहाटे पाणी भरायला उठणं, आणि आता त्या दोन गोळ्या! पाचवीला त्याने "तरी मला झोप..." म्हटलं आणि मध्येच एवढी मोठी जांभई दिली, की दाढी सुटून छातीवर आली.

"खोटा बोलतंय!" सतरंजीवरून आवाज आला. "झोप आलीय त्याला!"

हॉल फुटला. रत्नप्रभाबाईंच्या हातातलं सरबत हिंदकळलं.

"येत नाही!" जयवंत कळवळून ओरडला. त्याचे डोळे मिटत होते.

"आलीय! आलीय!" सतरंजीने ताल धरला.

नाट्यशास्त्रात अशा प्रसंगी काय करावं, याचा कुठेही उल्लेख नाही. राजकन्यांची रांग मात्र पुढे सरकत राहिली, कारण प्रत्येकीची आई हॉलमध्ये होती. "गार पाण्याने पाय धुवा." "शंभरपर्यंत उलटे आकडे मोजा." "आईवडिलांच्या आज्ञेत राहा." हे शेवटचं जानकीवहिनींनी नंदकिशोरच्या वाक्यात स्वतः घातलं होतं. मग देवरुखकर कागद घेऊन स्टेजवर आले आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, पाणी हे जीवन आहे. एक थेंब..."

"ओ आजोबा, हटा ना! राकस दिसत नाय!"

देवरुखकर आयुष्यात प्रथमच दाब कमी होऊन थांबले. त्या शांततेत सतरंजीवरची एक मुलगी उठली. माणिक तिचं नाव, अंजनाबाईंची नात. शुभाएवढीच. तिने परकर खोचला आणि सरळ स्टेजवर चढली. एवढा वेळ झोपेने मरणाऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून उभं करून ठेवलेलं तिला बघवेना.

"सरा बाजूला," तिने राजकन्यांना सांगितलं. "असा उभ्याने कोन झोपतंय? ए राकसा, आडवा हो."

जयवंत थबकला. संहितेत हे नव्हतं. सरकारने हे पास केलेलं नव्हतं. पण आडवा हो, असं त्याला गेल्या महिन्याभरात कोणीच म्हटलं नव्हतं. तो आडवा झाला.

माणिकने त्याचं डोकं टेबल-टेनिसच्या जाळीच्या गुंडाळीवर टेकवलं आणि पाठीवर थोपटायला सुरुवात केली. धाकट्या भावंडांना थोपटून हात बसलेला असावा. थाप जड होती आणि एका लयीत होती. ती काहीतरी गुणगुणत होती. मग सतरंजीवरची बाकीची पोरंही वर आली. कोणी शिपायाची पुठ्ठ्याची ढाल काढून घेतली आणि वारा घालायला लागलं. कोणी पराडकरांची चादर ओढून आणून पांघरली. कोणी पाय चेपायला बसलं. राजकन्यांची वाक्यं झालेली होती आणि त्यांना कोणी काही सांगत नव्हतं, म्हणून त्या एक-एक करून खाली उतरल्या, रिकाम्या सतरंजीवर बसल्या आणि आ वासून बघायला लागल्या. पाचही प्रधान मांडी घालून बसले. राजा झालेला खुद्द नंदकिशोर पराडकर मुकुट काढून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून बघत होता आणि त्याची आई त्याला खुणा करून दमली तरी तिच्याकडे वळेना.

हे सगळं जयवंतला डोळ्यांच्या फटीतून पुसट दिसत होतं. करणारे बघतायत. बघणारे करतायत. म्हणजे प्रेक्ष्य... की प्रयोज्य... हे काहीतरी फार महत्त्वाचं घडतंय, हे लक्ष देऊन पाहिलं पाहिजे, असा विचार त्याने निश्चयाने मनात आणला. पाठीवर एक लहानसा, माशांचा वास येणारा हात पुन्हा एकदा पडला. तेवढंच त्याला शेवटचं आठवतं.

जाग आली तेव्हा हॉलमध्ये शुकशुकाट होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. उशाशी माणिक अजून तशीच बसून होती, पायाशी शुभा. दारात सुगंधा उभी होती, तोंडात पदराचा बोळा.

"काय झालं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुम्ही घोरलात," शुभा कुजबुजली. "खूप. मग सगळ्या मुलांनी श्श केलं. मोठ्यांनाही केलं."

"देवरुखकरांनी आभार कुजबुजत मानले," सुगंधा म्हणाली. "तीन वाक्यांत संपवले. जन्मात पहिल्यांदा. जानकीवहिनी चपला हातात घेऊन जिना चढल्या. वडे बाहेर वाटले, कोणी चटणी मागायलाही तोंड उघडलं नाही. भाऊ सामंत शिंकले तर एका राजकन्येने त्यांना बाहेर काढलं."

जयवंतने घाईने शुभाचा हात धरला. "कुठे हसली मुलं? कुठल्या वाक्याला? गप्प कधी झाली? लिहिलंस ना?"

"नाही."

"का?"

"मी बघत होते ना बाबा!"

इतक्या खटपटीनंतर जो एकमेव क्षण पाहण्यासारखा होता, तो सोसायटीतल्या प्रत्येकाने पाहिला होता. संशोधक सोडून. त्याने मान वळवून सुगंधाला विचारलं, "आणि बाई? रागावून गेल्या?"

"चवड्यांवर चालत गेल्या. मला म्हणाल्या, मुलं अशी कधी पाहिली नव्हती. हेच तिसरं प्रकरण. मन लावून लिहा म्हणावं."

जयवंतचा चेहरा उजळला.

"आणि ते प्रेक्ष्य की काय ते काढून टाका म्हणाल्या. आजच्या दुपारनंतर ते उभं राहत नाही म्हणे. पहिली दोन प्रकरणं पुन्हा लिहायला सांगितलीत."

"काढून टाका?" चादरीतून राक्षस अर्धा वर आला. "अगं, तो पाया आहे! मी समजावतो त्यांना. बसस्टॉपवरच असतील अजून." त्याने शेपूट गोळा करून एका हातात धरली आणि उठायला गुडघा टेकवला.

त्याच क्षणी खांद्यावर माणिकचा हात पडला आणि त्याला खाली दाबलं.

"ए राकसा, उठू नको!"

"अगं, नाटक संपलं आता."

"तू झोपलास म्हनून संपला," माणिक डोळे वटारून म्हणाली. "तू उठलास तं परत पयल्यापासना करावा लागंल. त्या सगल्या पोरी परत येतीन, एकेक बोलाला. तो पान्याचा आजोबा पन येल."

जयवंतच्या डोळ्यांसमोर अकरा राजकन्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे पलटण, पाच प्रधान, खुर्च्यांवरच्या आया आणि हातात कागद घेतलेले देवरुखकर. बाहेर रस्त्यावर बस आल्याचा आवाज झाला, थांबली, आणि निघून गेली.

प्राध्यापक जयवंत नाईकधुरे पुन्हा आडवा झाला. चादर त्याने स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे घट्ट मिटले.